कारेगावीं घोंगडी पिळिल्याची हकीकत

श्रीबिरोबाचे चरण वंदून लिहितों जे, शके एकोणीसशें तेवीस, मार्गशीर्ष मासीं, कारेगावीं मोठा कठीण प्रसंग गुदरला. तो कैसा पार पडला हें पुढिलांस ठाऊक असावें, म्हणोन जैसें घडलें तैसें लिहिलें आहे.

घराचे धनी राजमान्य राजश्री आबा. चिरंजीव सुरजराव कंपनीच्या चाकरीस, आणि सूनबाई गिताबाई याही कंपनींत पॅकिंगवर. दिवसभर खोकीं बांधोन बाईंचीं मनगटें ठणकत, आणि मग घरीं येऊन धुणें पिळावें लागे, म्हणोन सुरजरावांनी ओलें धुणें गरगर फिरवोन पाणी काढणारें ड्रायरचें मशीन आणविलें. आबांस तें रुचलें नाहीं. हुकूम सुटला कीं, माझ्या वस्त्रास मशीन लागतां कामा नये, आणि काडीची नुकसानी जाहली तर मशीन आल्या वाटेनें दुकानीं जाईल.

ऐशांत कंपनीच्या गुरुवारच्या सुट्टीस, आबांची स्वारी शिरूरास गेली असतां, शेळीच्या करडानें त्यांच्या घोंगडीवर लघवी करोन मोठा अनर्थ मांडिला. घोंगडी साधी नव्हे. मेंढरांमागें रानोमाळ हिंडलेल्या वडिलांची, आणि तीच पांघरोन आबा त्या सांजेस देवळीं ओव्यांस बसणार. गिताबाईंनी ती धुतली, आणि पाहतात तों आभाळ भरलेलें, आणि लोकरीनें हंडाभर पाणी प्यालेलें. पिळूं गेल्या, तों मनगटानें दगा दिला. डोळ्यांस पाणी आलें. मग मनाचा हिय्या करोन त्यांनी घोंगडी ड्रायरांत कोंबिली आणि चावी फिरविली.

तों मशीन थरथरलें, आणि गर्जना करोन जागा सोडिली, आणि न्हाणीघरांतून स्वयंपाकघरावर चाल करोन आलें. पिठाचा डबा उलथोन कामास आला. गिताबाई झांकणावर चढोन बसल्या, तर त्यांच्यासह कूच चालूच. रात्रपाळी करोन निजलेले सुरजराव कुमकेस धांवले.

"आगं, बटान बंद कर आधी!"

लढाई थांबली. मग सुरजरावांच्या मसलतीनें मशीन दाव्यानें खांबास बांधिलें, तों खांबासुद्धा वरचे पत्रे वाजूं लागले. पुन्हा बंद करोन गिताबाईंनी झांकण उघडिलें. घोंगडी एके अंगास गोळा होऊन बसली होती.

"आवो, सगळं वझं एकाच बाजूला हाय. मशीन नाचंल न्हाई तर काय!"

मग त्यांनी घोंगडीची लांब गुंडाळी केली, आणि हंड्याखालीं चुंबळ वळितात तैशी वळोन ड्रायरच्या कडेकडेनें सारखी बसविली, आणि चावी फिरविली. गोल फिरणाऱ्या वस्तूचा कल सदा सरळ पळण्याकडे. घोंगडीस ड्रायरच्या भिंतीनें अडवोन मध्याकडे रेटिलें, म्हणोन ती फिरत राहिली, आणि पाण्यास भोकें सांपडलीं, तें सरळ निसटोन मोरीस गेलें. मशीन एक्या गतीनें गुणगुणत राहिलें, जागचें हाललें नाहीं. उरलासुरला ओलावा अंगणच्या वाऱ्यानें नेला.

सांजेस आबा आले. घोंगडी उचलिली, चांचपिली, हुंगिली.

"ऊन तर न्हवतं. वाळली कशी?"

गिताबाई खोटें बोलल्या नाहींत. "मशीनमधी गोल वळून टाकली, आबा. करडानं घाण केल्ती."

आबांनी घोंगडी उलगडोन चारी कांठ पाहिले, काडीची नुकसानी नव्हती. मग ती खांद्यावर घेतली, आणि डोईचा फेटा उतरिला, आणि सूनबाईंपुढें ठेविला.

"ह्यो बी टाक. पर नीट गोल टाक."

आणि टोपी घालोन देवळास गेले. येणेंप्रमाणें फेटा उतरला, मशीन घरीं राहिलें, आणि कारेगावची मोहीम गिताबाईंनी फत्ते केली. नोंद असावी.