कोल्ड स्टोरेजमधला हिमालय

सहलीचं नियोजन माझ्यासारखं अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात कोणाला जमत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, सत्तर-पंच्याहत्तर सहली काढल्या, एकही मूल हरवलं नाही. उलट एकदा परतल्यावर मोजलं, तर एक मूल जास्त भरलं! धानोऱ्याच्या थांब्यावर ते आपणहून गाडीत चढलं होतं. दुसऱ्या दिवशी पोचवून आलो.

त्यामुळे माझे जुने विद्यार्थी हिमाचलला जायला निघाले, तेव्हा नियोजन माझ्याकडे येणं साहजिकच होतं. तीन जीप, अकरा माणसं. रस्ता सोडून बर्फातून गाड्या चालवायच्या आणि बर्फातच तंबू ठोकून राहायचं! म्होरक्या होता कोरीटचा हेमकांत. कापूस आणि केळी पिकवतो, आणि त्याच्याकडे मोठ्या चाकांची जीप आहे.

आमच्या घरी ही बातमी सांगितली, तर आमच्या सौभाग्यवती शांतीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रस्ता सोडीसन गाडी चालाडाले इतलं दूर कसाले? आपला गावना रस्ता काय वाईट शे?"

मी दुर्लक्ष केलं. मला जायचंच होतं, आणि त्याला कारण होती जागृती.

रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतली पंधरा-सोळा मुलं शिकायला येतात. जागृती तिसरीत आहे. एके दिवशी मी रंगात येऊन सांगत होतो, "मुलांनो, आभाळातून पडणारा बर्फ गोळेवाल्याच्या बर्फासारखा टणक नसतो बरं का! तो कापसासारखा असतो."

जागृतीचं घर कापूस पिकवणाऱ्यांचं. तिने विचारलं, "मग त्यात सरकी असते?"

"नाही गं, सरकी कशी असेल?"

"तुम्ही हात लावून पाहिलंय?"

छत्तीस वर्षं फळ्यावर पांढऱ्या खडूने बर्फ पाडत आलो, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता! मी खरं ते सांगितलं. "नाही." तशी ती माझ्याकडे अशी पाहू लागली, की जणू मी पाढेसुद्धा ऐकीव शिकवतोय! मग मी सगळ्यांसमोर शब्द दिला. "जानेवारीत हात लावून येतो आणि बर्फ नेमका कसा असतो ते सांगतो."

तेव्हापासून माझा पाय घरात ठरेना. सकाळी उठून यादी, जेवताना यादी, आंघोळीला बादली भरता भरता यादी! एकशे बारा वस्तूंची यादी झाली.

आडवी आली आमची मुलगी दामिनी. ती परिचारिका आहे, आणि अकराजणांच्या औषधांची पेटी तिच्याकडेच होती.

"बाबा, कुलरसमोर बसलात तरी तुम्हाला शिंका येतात. बर्फात काय होईल?"

"काही होणार नाही!"

"मग परीक्षा द्या. एक तास कडाक्याच्या थंडीत बसायचं. एक शिंक आली की तुमची जागा दुसऱ्याला!"

जन्मभर मी परीक्षा घेतल्या. द्यायची वेळ पहिल्यांदाच आली. पण माघार कशी घेणार? आता नोव्हेंबरातल्या दुपारी नंदुरबारात कडाक्याची थंडी आणायची कुठून? गिरधर म्हणाला, "गुरुजी, मन्हं कोल्ड स्टोरेज शे ना! दोन नंबरनी खोली मागला आठवडामा रिकामी व्हयनी. पाच अंश थंडी. तंबूबी आठेच ठोका!"

गिरधर मिरचीचा व्यापारी. हेही माझ्याच हाताखाली शिकलेलं रत्न. मी तिथल्या तिथे कार्यक्रम आखला. रविवारी सकाळी नदीच्या पात्रात जीप चालवायचा सराव, तिथून थेट थंडीचा सराव, आणि बाराला घरी जेवायला.

रविवारी पात्रातल्या वाळूत हेमकांतची जीप शंभर पावलं गेली आणि बसली. म्हैस डबक्यात बसते तशी, उठायचं नाव नाही! सोबत नवलसिंग होता. तो डोंगरातल्या पाड्यावरचा, आता वनरक्षक आहे. कमी बोलतो. तो नुसता चाकांकडे पाहत उभा राहिला.

मी पुढे झालो. "घाबरू नका. वाळू असो की बर्फ, चाकातली हवा कमी केली की चाक पसरतं आणि रुतत नाही. हे शास्त्र आहे! सोडा हवा!"

चारही चाकांची हवा सोडली आणि खरोखर जीप बाहेर आली! हेमकांतने माझे पाय धरले. मी आशीर्वाद दिला. मग तो म्हणाला, "आते हवा भरानी. पंप द्या गुरुजी."

पंप यादीत होता. अठ्ठेचाळिसावा. पण यादी आणि पंप, दोन्ही घरी ओट्यावर राहिले होते!

तिथून गिरधरच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत आम्ही बसक्या चाकांवर बैलगाडीच्या चालीने गेलो. खरं तर एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं, आणि गाडीवानाने वळून "काय व्हयनं?" असंही विचारलं. पोचायलाच बारा वाजले. फाटकाचा चढ जीपला चढेना, म्हणून ती बाहेर लिंबाखाली ठेवली. रखवालदार बाज्या जेवायला गेला होता. गिरधरने आपल्या किल्लीने कुलूप काढलं आणि तो, मी, दामिनी, हेमकांत आणि नवलसिंग असे पाचजण आत शिरलो.

काय थंडी होती! बाहेर घाम आणि आत दात वाजायला लागले. तंबू उभा राहिला. पण मास्तर गप्प बसतो का? मी म्हणालो, "थांबा! बर्फावर झोपताना वरच्यापेक्षा खालचं पांघरूण महत्त्वाचं असतं. जमिनीची थंडी अडवायला खाली काहीतरी जाड हवं. गिरधर, त्या कोपऱ्यातली बारदानं आण!"

"गुरुजी, त्या मिरचीना..."

"वास येतोय का?"

गिरधरने हुंगून पाहिलं. "नही."

"मग! धूळ गेली असणार. अंथर!"

दहा-बारा बारदानं तंबूच्या आत अंथरली. झटकून अंथरली, कारण झटकल्याशिवाय अंथरू नये हे मीच त्यांना चौथीत शिकवलं होतं. तंबूची चेन लावली आणि दामिनीने फोनवर घड्याळ सुरू केलं. एक तास!

मुलांना मी नेहमी सांगतो, की थंडीत वास मंद होतो आणि ऊब मिळाली की वर येतो. ज्या माणसाने हे शेकडो वेळा सांगितलंय, तोच माणूस पाच माणसांची ऊब घेऊन मिरचीच्या बारदानावर मांडी घालून बसला होता!

चाळीस मिनिटं छान गेली. मी हिमनद्या कशा तयार होतात ते समजावून देत होतो. एकेचाळिसाव्या मिनिटाला पहिली शिंक आली. परीक्षकाची!

"छिक!" दामिनीने नाक पुसलं. "ही धरायची नाही. परीक्षा माझी नाहीये."

मग हेमकांत शिंकला. थंडीत ट्रॅक्टर सुरू करताना होतो तसा आवाज! गिरधरला लागोपाठ सात आल्या, कुकरच्या शिट्ट्यांसारख्या. नवलसिंगला शिंक नाही, खोकला आला. कोरडा, खरखरीत, ओल्या लाकडावर करवत ओढावी तसा.

आणि मी? मी नाक चिमटीत धरलं होतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, कान तापले होते, पण शिंकलो नाही! समोर जागृतीचा चेहरा दिसत होता.

"बाहेर चाला, बाहेर!" हेमकांत ओरडला आणि त्याने चेन ओढली. चेन अडकली. सगळे एकदम दाराच्या बाजूला सरकले आणि तंबू आमच्यासकट गडगडत निघाला!

नेमका तेव्हा बाज्या जेवून आला. त्याला आम्ही आत असल्याचं ठाऊक नव्हतं, आणि जीप फाटकाबाहेर होती. त्याला दिसलं ते एवढंच, की दोन नंबरचं दार किलकिलं आहे आणि आतून काहीतरी आपटतंय, फिसकारतंय, गुरगुरतंय. आठ दिवसांपूर्वीच शेजारच्या उसात बिबट्या दिसला होता. बाज्याने एका दमात दार लोटलं आणि बाहेरून आडणा टाकला!

मग त्याने भिंतीवर लिहिलेला वनरक्षकाचा नंबर लावला.

तंबूत नवलसिंगचा फोन वाजला. त्या जाड भिंतींतून तो कसा लागला हे देव जाणे. बाज्या इतका ओरडत होता, की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"साहेब! गिरधरशेठना कोल्डमा बिबट्या घुसना! लवकर या!"

नवलसिंगचा घसा बसला होता. तो कसाबसा म्हणाला, "मी... आतच आहे."

"कोठे आत?"

"कोल्ड स्टोरेजमध्ये!"

"बिबट्याबी तठेच शे साहेब!"

"बिबट्या नाही! मी... खॅर्रर्र..." आणि खोकला आला. पलीकडे फोन पडल्याचा आवाज झाला. पुढे रेंजच गेली, कोणाच्याच फोनवर एक कांडी उरली नाही. पण बाज्याची आरोळी मात्र दारातून ऐकू आली, "धावा रे! साहेबले बिबट्यानी धरं!"

आम्ही तंबू फाडून बाहेर आलो आणि दारावर धडका मारू लागलो. बाहेर गर्दी जमली होती. आम्ही जितकं दार वाजवावं, तितके ते पत्र्याचे डबे वाजवत होते. ओरडावं तर मिरचीने घसे बसलेले. पाचजणांत मिळून एक धड शब्द निघेना! गिरधर स्वतःच्याच मालमत्तेत कुडकुडत होता. दामिनीचे ओठ निळे पडू लागले होते, तरी हातातलं घड्याळ तिने बंद केलं नव्हतं.

एवढ्यात डब्यांच्या गलक्यावर एक ओळखीचा आवाज चढला. शांतीबाई! बारा वाजून गेले तरी आम्ही आलो नाही, म्हणून भाकरी घेऊन रिक्षाने आल्या होत्या.

"डबा वाजाडनं बंद करा! आत कोण शे?"

हेमकांत माझ्या कानाशी आला. "गुरुजी, शिंका!"

"काय?"

"तुम्हनी शिंक काकू वळखतीन! अख्खी गल्ली वळखस!"

खोटं नव्हतं. माझी शिंक तीन टप्प्यांत येते. आधी दोनदा "अं... अं...", मग स्फोट, आणि शेवटी "अगं आई गं!" शाळेत शिपाई ती ऐकून घंटा द्यायचा.

मी दामिनीकडे पाहिलं. तिने घड्याळ पुढे केलं. त्रेपन्नावं मिनिट. "बाबा, नियम म्हणजे नियम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि थरथरली.

फक्त सात मिनिटं! तेवढी मी नाक आवळून नक्की काढली असती. पण नवलसिंग खोकून खोकून वाकला होता, आणि पोरीची थरथर मला पाहवेना. मुलांना दिलेला शब्द मनातल्या मनात पुसला आणि चिमटी सोडली.

"अं... अं... ऑक्छीऽऽऽ! अगं आई गं!"

बाहेरचा शेवटचा डबाही थांबला. मग शांतीबाईंचा आवाज आला.

"काढ रे बाज्या आडणा! बिबट्या कसाना? हाई तं आमना मास्तरनी शिंक शे!"

दार उघडलं आणि आम्ही उन्हात येऊन पडलो. गर्दीतल्या एकाने तर रागाने विचारलं, "म्हणजे बिबट्या नहीच?" बिचारा पुरुषोत्तमनगरहून मोटारसायकल दामटत आला होता! बाज्या नवलसिंगला हात लावून लावून पाहत होता, सगळे अवयव जागेवर आहेत ना म्हणून.

भाकरी खाल्ली, चहा झाला, घसे सुटले. आणि गिरधरच्या लक्षात आलं, की काकू दिसत नाहीत.

त्या आत होत्या! फाटलेला तंबू त्यांनी घडी घालून ठेवला होता. पांघरुणं झटकली होती. बारदानं एकेक करून झटकून त्यांची चवड रचली होती, आणि आता कुठूनसा झाडू मिळवून खोली झाडत होत्या. अंगावर साधी सुती साडी.

"आई!" दामिनी घड्याळ पाहत दारातच थांबली. "तू इथे कधीपासून आहेस?"

"तुम्ही बाहेर पडनात तवयपासून. इतला पसारा कोण आवरी?"

"एक तास दहा मिनिटं झाली! तुला शिंक नाही आली?"

"कसानी?" शांतीबाई म्हणाल्या. लग्नाआधी दहा हिवाळे त्या मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला बसल्या होत्या, पहाटेपासून!

हेमकांतने गिरधरकडे पाहिलं. गिरधरने नवलसिंगकडे. मग तिघांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. नियम मला पाठ होता. जागा दुसऱ्याला!

जानेवारीत तीन जीप निघाल्या. निघताना पंप मी स्वतः हेमकांतच्या हातात दिला. सहाव्या दिवशी संध्याकाळी शांतीबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ओट्यावर वर्ग भरलेला होता. मुलांनी फोनभोवती गराडा घातला. सगळीकडे पांढरंशुभ्र, आणि मधोमध स्वेटरवर पदर खोचून आमच्या शांतीबाई! दोन्ही मुठींत बर्फ!

मी घसा साफ केला. "मुलांनो, आता नीट निरीक्षण करा. हा जो बर्फ आहे, तो..."

"काकू," जागृती मध्येच म्हणाली, "कसा असतो हो?"

शांतीबाईंनी मूठ उघडून पाहिली. "काही नही वं माय! फ्रीज महिनाभर साफ नही करा तं वरना खणमा साचस ना, तस्साच शे. फक्त आठे पुसाले कोणी नही!"

"हां!" सोळाच्या सोळा मुलं एकदम म्हणाली. सगळ्यांना समजलं होतं. जागृतीने तर वहीत लिहूनही घेतलं.

मुलं गेल्यावर मी ओट्यावरचं दार लावलं. कोणी पाहत नाही ना ते पाहिलं, स्वयंपाकघरात गेलो, बाही वर सारली आणि फ्रीजचा वरचा खण उघडला.

लखलखीत होता! जाण्याआधी बाईंनी पुसून ठेवला होता.