पार्किंगमधलं कवठे

शिक्रापूरच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सखाराम आबांनी माझी बेल वाजवली.

"तुमची मोटरसायकल माझ्या दारात लावलीया. काढा."

आबा राहतात तिसऱ्या मजल्यावर. गाडी होती खाली पार्किंगमध्ये, बाराव्या खांबापाशी. मी चक्रावलो, पण मुकाट्याने गाडी काढली. नवीन जागेत भांडण कशाला!

आबा मूळचे कवठे येमाईचे. मुलाची इथे कंपनीत नोकरी, म्हणून उतारवयात नवरा-बायको इकडे आले. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालताना डोक्यालाही काम द्या. आबांनी ते असं काही मनावर घेतलं, की पार्किंगच्या चोवीस खांबांवर गावाकडची अख्खी आळी वसवली. एक खांब, एक घर. झपाझप चालायचं, खांबाला हात लावायचा आणि त्या घरातली सगळी नावं घ्यायची, थोरल्यापासून पाळण्यातल्यापर्यंत. परतीच्या फेरीत उलटी. चुकलं की पुन्हा पहिल्या खांबापासून. बारावा खांब म्हणजे आबांचं स्वतःचं घर.

"नुसतं चालायचं तर बैलबी चालतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमचा वॉचमन बिहारचा. कवठे त्याने जन्मात पाहिलेलं नाही, पण खुर्चीतून ओरडतो, "आबा, लोहार की छोटी बहू रह गई!" आबा कपाळावर हात मारून मागे फिरतात.

एकदा मी म्हणालो, "आबा, राहिलं एखादं नाव तर काय बिघडलं? परीक्षा थोडीच आहे?"

आबा थांबले. मधेच थांबलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"आमच्या मंडळीला आता कायबी ध्यानात ऱ्हात न्हाई. मला पाव्हणं म्हणती. दिस कलला की म्हणती, पाव्हणं, मला घरी सोडा. मग हात धरून हॉलमधी फिरवतो, एकेक घर सांगत. धा-बारा घरं झाली की निवांत हुती. मीच वाट इसरलो, तर तिला कोण न्हील?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं.

गेल्या रविवारी आबा काकूंना खाली घेऊन आले. हात धरून, नावं घेत, सावकाश. वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला. बाराव्या खांबापाशी काकू आपणहून थांबल्या. चपला काढून कडेला नीट ठेवल्या, पदर खोचला.

"बसा पाव्हणं, च्या ठिवते."

आबा तिथेच फरशीवर मांडी घालून बसले.