तोर्तेल आणि टेकडीवरचं संग्रहालय

"आज त्या संग्रहालयाचा एकदाचा निकाल लावून टाकू," रविवारी सकाळी ब्रेडवर टोमॅटो चोळता चोळता फेलिउ म्हणाले. जणू टेकडीवरचं ते कातालान कलेचं संग्रहालय इतकी वर्षं त्यांच्याच निकालासाठी ताटकळत उभं होतं. "बघण्यासारखं असेल तर बघू. नसेल तर दोनला घरी जेवायला."

त्यांच्या मुलीने, रोझेरने, पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. वडिलांचा सगळा जन्म बार्सिलोनात, त्याच टेकडीच्या पायथ्याशी गेला. वर जाणारे सरकते जिने निवृत्तीपर्यंत त्यांनीच दुरुस्त केले. पण संग्रहालयाच्या आत पाऊल म्हणून टाकलं नाही. रोझेर सारखी जायची आणि रात्री सूप पिताना त्यांना एकेक चित्र सांगायची. ते म्हणायचे, "ब्रेड सरकव." एकदा तरी त्यांनी आपल्याबरोबर यावं, असं तिला फार वाटे. पण 'चला' म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि आग्रहाशिवाय उठणं त्यांच्या.

वाटेत बेकरीतून तोर्तेल घेतला. बांगडीसारखा गोल, पोटात क्रीम भरलेला केक. रविवारी हे खोकं हातात दिसलं नाही, तर घरात कोणीतरी आजारी असणार असं शेजारच्या किमेताकाकू धरून चालत. खोक्याची दोरी बोटात अडकवून फेलिउ जिन्यावर उभे राहिले.

"हा जिना कण्हतोय," ते म्हणाले. "ज्यांना जिना सांभाळता येत नाही, ते चित्रं काय सांभाळणार?"

दारात पहारेकऱ्याने खोकं अडवलं. "खायचं काही आत नेता येत नाही, आजोबा."

"खायचं नाही हे. तोर्तेल आहे."

लॉकरमध्ये तो आडवा मावेना. "मग उभा ठेवा," पहारेकरी म्हणाला. फेलिउंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने तान्हं मूल खुंटीला टांगायला सांगितलं होतं.

"तू जा," ते रोझेरला म्हणाले. "बघून ये आणि सांग, येण्यासारखं आहे का. तोवर मी याला धरतो."

"बाबा, आत काय आहे ते मला पाठ आहे."

"आज बदललं असेल."

रोझेर धुसफुसत आत गेली. परतली तेव्हा बाहेरच्या पायऱ्यांवर वडिलांभोवती रांग लागली होती. झालं होतं असं, की एका बाईने केक विकायला आहे समजून भाव विचारला. आपण विक्रेते नाही हे सिद्ध करायला फेलिउंनी तिला एक तुकडा फुकट दिला. फुकट म्हटल्यावर मागे माणसं उभी राहिली. पायऱ्यांवरचा गिटारवालाही गाणं अर्धवट सोडून रांगेत आला. आता तोर्तेलचं मधलं भोक तेवढं शाबूत होतं.

"पण आजोबा, आत बघण्यासारखं आहे का?" लेइदाहून आलेल्या एका गृहस्थांनी बोटं चाटत विचारलं.

"म्हणजे काय," फेलिउ म्हणाले. "डोंगरातल्या देवळांच्या भिंतींवरून सोलून आणलीत चित्रं. सात डोळ्यांचं कोकरू आहे. त्याला चष्मा करायचा तर घर विकावं लागेल. आणि भिकाऱ्याच्या जखमा चाटणारा कुत्रा चुकवू नका. ज्याने तो काढला, त्याच्या घरी नक्की कुत्रा असणार. नाहीतर अशी जीभ काढता येत नाही."

चष्म्याचा विनोद त्यांचा होता. बाकी शब्द न् शब्द रोझेरचा, सूप पितानाचा. ती खांबाआड तशीच उभी राहिली.

"मग?" ती दिसताच त्यांनी विचारलं. "येण्यासारखं आहे?"

"तुम्हीच सांगत होतात की."

"मग माझं बघून झालंच," म्हणत त्यांनी रिकाम्या खोक्याला नीट दोरी बांधली. किमेताकाकूंच्या नजरेसाठी.

सोमवारी सकाळी कॉफीचं भांडं गॅसवर ठेवून फेलिउ खुर्चीत टेकले, ते उठले नाहीत. कॉफी उतू गेली तेव्हा रोझेरला कळलं. अंत्यविधीला गिटारवालाही आला होता. तोर्तेल फार छान होता, असं तो दोनदा म्हणाला.

पुढच्या रविवारी रोझेरचे पाय आपसूक बेकरीकडे वळले आणि तिथून टेकडीवर. खोकं मांडीवर घेऊन ती त्याच पायऱ्यांवर बसली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते.

"आमची मंडळी गेलीत आत," ते म्हणाले. "मला कोणी विचारलं नाही. मीही म्हटलं, मला इथेच बरं."

रोझेर समोर पसरलेल्या शहराकडे बघत राहिली. मग गेल्या रविवारी, आणि त्याआधीच्या कुठल्याच रविवारी, जे म्हटलं नव्हतं, ते तिच्या तोंडून मोठ्याने निघालं.

"चला ना. एकदा माझ्याबरोबर आत चला."

शेजारच्या वर्तमानपत्राची घडी झाली. म्हातारबुवा गुडघ्यांवर हात देऊन उठून उभे राहिले.

"चला की," ते म्हणाले. "पण मग हा तोर्तेल कोण धरणार?"