दसऱ्याच्या स्वारीतला भोंगा

गाडीतल्या रेडिओचा आवाज स्वल्प वाढवून घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. बाईमाणसाने याहून लहान काही ठरवायचं म्हणजे आमटीत मीठ किती, तेवढंच उरतं. पण आमच्या घरात लहान गोष्ट लहान राहतच नाही. (आमचे हे सोडून. ते लग्नात जेवढे होते तेवढेच आहेत.)

गाडी आली बेंगळूरच्या कंटोन्मेंटातून. तिथला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा ह्यांनी त्याची जुनी गाडी घेतली. टप मागे दुमडतो, दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, आणि समोर कंपनीनेच बसवलेला रेडिओ. तो रेडिओही साहेबासारखाच, ओठ न उघडता बोलायचा. इंजिन सुरू झालं की त्यातलं गाणं म्हणजे शेजारच्या घरात कुणीतरी तोंडावर पांघरूण घेऊन गुणगुणतंय. मला त्याचं काही नव्हतं. ह्यांच्याशी संसार केलाय, ऐकू न येणाऱ्या आवाजाची सवय आहे.

पण दसरा आला.

आमच्या पेठेतल्या भवानीची स्वारी दसऱ्याला निघते, ती बसवनगुडीकडच्या बन्नीच्या झाडापर्यंत जाते. बन्नी म्हणजे शमी. तिची पूजा करायची आणि पानं सोनं म्हणून वाटायची. देवीला तिथवर नेण्याचा मान आमच्या घराचा. सासऱ्यांच्या वेळी खांद्यावर पालखी असायची. पुढे खांदे म्हातारे झाले आणि देवी आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसू लागली. शेजारी थोरली सून म्हणून मी, हातात चवरी घेऊन. वर्षातून त्या एका दिवशी पेठ माझ्याकडे हात जोडून बघते. (देवीला जोडतात, ठाऊक आहे. पण मी मधे असते.)

त्या वर्षी सनईवाले एकजात म्हैसूरच्या दसऱ्याला गेले. पंचांचे मुख्य फत्तेसिंगराव आमच्याकडे आले आणि कॉफी पिऊन झाल्यावर म्हणाले,

"सगुणाक्का, वाजंत्रीशिवाय स्वारी म्हणजे मयत वाटते. पंचांचं ठरलंय. ज्याच्या गाडीत वाजतं, त्याच्या गाडीत देवी."

"आमच्यात वाजतं की."

"गाडीत वाजतं. गाडीबाहेर नाही. तुमच्या सोयराबाईंच्या नव्या गाडीतला रेडिओ चौकापर्यंत ऐकू येतो."

सोयराबाई ही माझी धाकटी जाऊ. ती फत्तेसिंगरावांच्या मागोमागच आली होती. पदर सावरत म्हणाली, "मी नकोच म्हणत होते, अक्का. पण देवीच्याच मनात असेल तर मी कोण?"

"तू कोण ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "देवी आमच्याच गाडीतून जाईल आणि चौकात काय, येलहंक्यापर्यंत ऐकू येईल."

ती गेल्यावर हे म्हणाले, "नवा रेडिओ घ्यावा लागेल."

"नवा कशाला? आहे त्याला नुसता घसा बसवायचा."

मागच्या गल्लीत कृष्णमूर्ती राहतो. लग्नमंडपांना लाउडस्पीकर लावतो आणि लग्न लागेपर्यंत दुरुस्त करत बसतो. त्याने रविवारच्या बाजारातून स्वस्तात एक भोंगा उचलून आणला. पूर्वी हा भोंगा गावोगाव सिनेमाची जाहिरात करत फिरायचा म्हणे. आमच्या परातीएवढा. गाडीत मावेना, म्हणून पुढे बंपरला बांधला. सीटखाली कसलासा खोका ठेवला, बॉनेटखालून तारा नेल्या आणि गाडी सुरू केली.

देवळावरची कबुतरं गेली ती दोन दिवस फिरकली नाहीत. मला इतका आनंद झाला की कृष्णमूर्तीला दुसरी कॉफी दिली.

पण रस्त्याला खड्डा आला की रेडिओचा काटा सरके. भजनाच्या मध्येच सिलोनचं प्रेमगीत लागे.

"देवीला हे ऐकवणार?" मी विचारलं. "काटा हलता कामा नये."

"काट्यावर लाख ओतू का, अक्का? मग बेंगळूर स्टेशन सोडून कुठे जाणार नाही."

"ओत."

"आणि हा स्विच खरखर करतो. नवा घालू?"

"स्विच हवा कशाला? गाडी सुरू तर रेडिओ सुरू, गाडी बंद तर रेडिओ बंद. थेट जोडून टाक."

"आणि आवाज कमी करायचं बटण?"

"कमी कुणाला करायचाय?"

"अगं पण," हे म्हणाले. ह्यांचं 'अगं पण' मी लग्न झाल्यापासून कधी पुरं होऊ दिलेलं नाही.

भोंगा दिसायला ओंगळ, म्हणून दसऱ्याला मी बॉनेटवर झेंडूची कमान उभी केली आणि भोंग्याभोवती केळीची पानं बांधली. दुपारी चारला रेडिओवर भजनं. चारला निघायचं, भजनं वाजवत जायचं. सगळं ठरलेलं. पुजारी भीमाचार्य तेवढे आले नाहीत. मल्लेश्वरमला कुणा यजमानाकडे ओबट्टूवर, म्हणजे आपल्या पुरणपोळीवर, तूप घेत बसले होते. आले तेव्हा रविवारचा राहुकाळ लागला होता.

"आता सहापर्यंत देवी हलायची नाही," ढेकर देऊन ते म्हणाले.

दीड तास सगळी पेठ रस्त्यात उभी. भजनं कुठेतरी आकाशात येऊन निघून गेली. मला वाटलं, रेडिओ आहे, काहीतरी लागेलच.

सहा वाजले. सगळ्यांत पुढे फत्तेसिंगराव चांदीची काठी घेऊन, त्यांच्या पाठीशी आमचा भोंगा, मग आमची गाडी. आमच्या मागे लगेच सोयराबाईची गाडी, मागच्या सीटवर रेशमी गादी अंथरून तयार. कारण आमच्याकडे नियम आहे. एकदा निघालेली स्वारी बन्नीपर्यंत थांबत नाही. वाटेत थांबली तर तिथेच देवी दुसऱ्या गाडीत जाते, आणि मान गेला तो कायमचा.

ह्यांनी गाडी सुरू केली. भोंगा खाकरला आणि कानडीतून म्हणाला, "शेतकरी बंधूंनो, आज आपण रेड्याची निगा कशी राखावी ते पाहू."

आता आमची भवानी कशी आहे ते सांगायला हवं. एक पाय रेड्याच्या पाठीवर, त्रिशूळ रेड्याच्या मानेत, रेड्याची जीभ बाहेर.

"रेडा हे अत्यंत प्रेमळ जनावर आहे," भोंगा म्हणाला. "त्याच्या पाठीवर कधीही भार देऊ नये."

लोक देवीच्या पायाकडे बघू लागले. मी पदर पुढे करून रेडा झाकला.

"त्याची मान फार नाजूक असते. टोकदार वस्तू जवळ आणू नये. चुकून जखम झालीच, तर कोमट तेलाने हळुवार चोळावी."

पुढे ह्यांच्या शेजारी बसलेल्या भीमाचार्यांचा मंत्र चुकला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. ती सोयराबाई होती, तिचं हसू मी हजारात ओळखीन.

"अहो, बंद करा ते," मी म्हटलं.

"कशाने?"

"बटणाने."

"अगं पण बटण तूच काढायला लावलंस." पहिल्यांदाच ह्यांचं वाक्य पुरं झालं आणि चेहरा असा खुलला की जणू ह्यांना पोरगा झाला. "गाडी थांबवू?"

मी मागे पाहिलं. सोयराबाई गादी थोपटत होती.

"थांबवून बघा. देवी तिकडे जाईल आणि तुम्हाला मी बन्नीला बांधून येईन."

खोका देवीच्या सीटखाली. तारा तोडायच्या तर बॉनेट उघडायला हवं, आणि बॉनेटवर कमान. कृष्णमूर्ती गाडीबरोबर धावत पुढे गेला आणि त्याने खांद्यावरचा टॉवेल भोंग्यात कोंबला. त्याने एवढंच झालं की रेड्याच्या तज्ज्ञाला सर्दी झाली. तो नाकातून म्हणाला, "रेडा माजावर आला की कसा ओरडतो ते ऐका," आणि भोंगा असा हंबरला की टॉवेल उडून कृष्णमूर्तीच्या तोंडावर बसला. चौकात मंडईच्या गाडीला एक रेडा जुंपलेला होता. त्याने उत्तर दिलं. मग दोघं बोलतच राहिले. तो आपल्या गाडीवानासकट आमच्या मागून यायला लागला. त्याचं बघून आणखी गाडीवान आले, तेल कुठलं चोळायचं ते ऐकायला.

आजवर सासू, नणंद, घरमालक, रेशनवाला, कुणापुढे मी हटले नाही, आणि आता एका न दिसणाऱ्या माणसापुढे देवीचा मान चालला होता. मी सीटवर उभी राहिले, एका हाताने देवीला धरलं, चवरी ह्यांच्या डोक्यावर टाकली आणि आरती सुरू केली.

माझा आवाज पेठेत प्रसिद्ध आहे, पण गाण्यासाठी नाही. तो म्हणाला, चारा. मी त्याच्यावर आरतीची ओळ घातली. तो म्हणाला, शेण पातळ होत असल्यास. मी आणखी वर गेले. भीमाचार्य घंटा बडवू लागले. हे चवरीतून वाट काढत गाडी हाकत होते. बसवनगुडीतली माणसं माडीवर येऊन उभी राहिली. काहींनी नमस्कार केला, काहींनी पोरांना आत घेतलं. आरत्या संपल्या तेव्हा मी पाळण्याची गाणी म्हटली, तीही संपली तेव्हा चौथीच्या वर्गातले पाढे चालीवर म्हटले. पण गाडी थांबू दिली नाही.

बन्नीपाशी ह्यांनी इंजिन बंद केलं. भोंगा गप्प झाला. माझ्या कानांना ते कळलं नाही. सत्तावीसचा अर्धा पाढा मी त्या शांततेत एकटीच म्हटला.

फत्तेसिंगराव काठी टेकत माघारी आले. सगळी वाट भोंग्याच्या तोंडासमोर चाललेले, त्यामुळे डोळे जरा फिरलेले होते. मी खाली उतरले. सोयराबाई गादीच्या घड्या घालायचं थांबवून ऐकत होती.

"सगुणाक्का," ते मोठ्याने म्हणाले, "गाडी थांबली नाही. मान तुमच्या घराचा. एवढी माणसं तर मी स्वारीला कधी पाहिली नव्हती. आणि तो रेडिओवरचा माणूस काय सुरेख बोलला. माझ्या रेड्याला उद्यापासून तेल लावतो."

मी सोयराबाईकडे बघून पदर नीट केला.

"फक्त एक करा," फत्तेसिंगराव म्हणाले. "त्याच्या मध्येमध्ये रेडिओवर ती बाई कोण किंचाळत होती, ती बघा. त्या भल्या माणसाला धड बोलू देत नव्हती. पुढल्या वर्षी तेवढी बाई बंद करून घ्या."

सगळी पेठ माझ्याकडे बघत होती. भीमाचार्य झाडाची पानं मोजायला लागले.

"सरी अण्णा, बरं," मी म्हटलं. "पुढल्या वर्षी नाही ओरडायची ती."

ह्यांनी डोक्यावरची चवरी काढून अदबीने माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढल्या वर्षीपर्यंत कशाला थांबायचं?"