हौसाआत्याचा हिसका

आमच्या घरात लोनच्याच्या बरनीत हात घालायचा तर आदी हौसाआत्याला इचारावं लागतं. मागल्या उन्हाळ्यात मी न इचारता घातला. आमचे हे जेवायला बसलेले, लेक आरू माझ्या काखंत रडायलेली, अन ह्यांचं आपलं चालू, लोनचं कुठंय, लोनचं कुठंय. मी घाईघाईनं कोपऱ्यातली चिनीमातीची बरनी उघडली, हात घातला, तर बोटाला लागली गोल चकती, मधी मोठ्ठं भोक, सगळी लाल तेलात बुडलेली. मी अशी वरडले की आरू रडायची थांबली.

"झाक, झाक," आत्या चुलीपासून म्हनल्या, "मुरायल्यात त्या."

"काय मुरायलंय, आत्या?"

"किलच पलेटी. नव्या गेरबाक्सातल्या. कोरड्या बशिवल्या तर पैल्याच दिवशी जळत्यात. लोनचं मुरल्याबिगर चव न्हाई, अन पलेट मुरल्याबिगर पकड न्हाई."

"अन लोनचं कुठंय मंग?"

"हाय की पत्र्याच्या डब्यात. लोनच्याला काय, ते कुठं बी मुरतं."

हौसाआत्या मंजे माझ्या सासऱ्याची थोरली बहीन. त्यांचे मालक, सगळे त्यांना तात्या म्हनायचे, टॅक्सी चालवायचे. लेकरूबाळ न्हवतं. तात्या गेल्यावर आत्या म्हायरी आल्या, आमच्या नेकनूरला. बाया म्हायरी येताना पेटी आनत्यात, बोचकं आनत्यात. आत्या पांढरी अँबेसिडर घिऊन आल्या, सोता चालवीत. मी तवा ह्या घरात न्हवते, पन गावात आजून सांगत्यात. पारावरली मानसं उठून हुबी ऱ्हायली मनं, कुनी पुढारी आला मनून, अन गाडीतून उतरल्या हौसाबाई, नऊवारी नेसलेल्या, हातात मोटारीची किल्ली.

तवापासून आत्यांचं सगळं बोलनं गाडीतलं. शेजारची बाई लई बोलती पन काम करत न्हाई, तर "ती न्यूटलमधी रेस करती." माझे सासरे जेवून लगीच झोपले, तर "झालं, इंजिन बंद." अन मला त्या हँडब्रेक म्हनत्यात. खरंच सांगते, मला सगळ्याचीच भ्या वाटती. आरू खोकली तरी मी रातभर जागते, पाल दिसली की खाटंवर चढते, अन घाट लागला की मी डोळे मिटून देवाची नावं घ्यायला लागते. नववीतून शाळा सुटली ती बी पायी जायच्या रस्त्यावर वढा लागायचा, त्याची भ्या वाटायची मनून.

"ही हँडब्रेक ओढूनच जन्मली," आत्या चार बायांत म्हनायच्या. मला राग यायचा न्हाई. त्या म्हनताना माझ्या पाठीवर हात ठिवायच्या.

गाडी आंगनात लिंबाखाली हुबी. दुपारची कामं उरकली की आत्या म्हनायच्या, "चल ग, बसू." अन आमी दोघी अन आरू हुब्या गाडीत जाऊन बसायचो, पुढच्या लांब शिटावर, शेंगा फोडीत. आत्या ष्टेरिंगपाशी. मंग त्यांचं सुरू व्हायचं. ह्या शिटावर किती नवऱ्या रडल्या, कोनच्या नवरदेवाचा फेटा खिडकीतून उडाला, कोनच्या जत्रंला एका टायमाला धा मानसं अन एक बकरं नेलतं. तवा रस्त्यानं कसं शांत आसायचं, एखादी गाडी समोरून आली की दोन्ही डायवर थांबून एकमेकाला इचारायचे, बरं हाय का. मला वाटायचं गाडी चालायलीय अन बाहेर सगळं ते जुनंच हाय.

पन गाडी चालत न्हवती. आत्यांचा डावा गुडगा आखडला, किलच दाबनं हुईना. गाडी लिंबाखालीच ऱ्हायली, मागल्या शिटावर कोंबडी अंडी द्यायला लागली. मंग एक दिवस आमचे हे म्हनले, "आत्या, तेलगावचा एकजन मागायलाय. लग्नात नवरदेवाला फिरवायला. हुबी ठिवून काय करायची? दिऊन टाकू."

आत्या भाकरी थापायलेल्या. हात थांबला.

"गजा, गुडगा माझा गेलाय. गाडीचा न्हाई."

"मंग किलच कोन दाबनार, तुझी कोंबडी?"

"किलचच काढून टाकते," आत्या म्हनल्या.

आमी सगळे हसलो. आत्या हसल्या न्हाईत. त्यांनी सांगितलं, आपोआप गेर पडनारा बाक्स बशिवते. सगळं घर गाडीत घालून मांजरसुंब्याचा घाट चढवते. चढली तर गाडी आंगनातच ऱ्हानार, परत इकायचं नाव काढायचं न्हाई. घाटात बसली तर तिथूनच तेलगावला धाडा. आमचे हे म्हनले, "कबूल." त्यांना वाटलं म्हातारी दोन दिवसात इसरल.

आत्या दुसऱ्याच दिवशी बीडला, रहीमभाईकडं. रहीमभाई मंजे जुन्या गाड्यांचे मिस्त्री. त्यांनी भंगारातून तीन बाक्स हुडकून ठिवले, अन आत्या ते बघायला अशा गेल्या जशी पोरगी बघायला जात्यात. मला बी नेलं, आरूला घिऊन. आत्यांनी एकेका बाक्सातलं तेल बोटावर घेतलं, हुंगलं, उजेडात धरलं. तेल लालभडक तर बाक्स चांगला, काळं अन करपल्याला वास आला तर आतल्या पलेटी जळल्या.

पैला चांगला मजबूत, पन तीनच गेर. "मोकळ्या रस्त्यावर इंजिन बोंबलत ऱ्हाईल. नको." दुसऱ्याला कंपूटर लागतो. "अँबेसिडरला कंपूटर? उद्या मोबाईल मागंल. नको." तिसऱ्याला चार गेर, अन चौथा ओव्हरड्राईव्हचा.

"वो क्या है मावशी," रहीमभाई म्हनले, "उप्पर का गेर. गाडी भागती, इंजन आराम करता."

"मंजे इसाव्याचा गेर," आत्या म्हनल्या. "हाच घ्यायचा."

"हौ, पन इसका वोइच गेर कमजोर है. लोड पडा के पलेटां जलते."

"मंग मजबूत करा."

मजबूत करायचा मंजे सगळा बाक्स उघडायचा. आतल्या आपोआप धरनाऱ्या पलेटी वाढवायच्या, नव्या घालायच्या, त्याच आमच्या बरनीत आल्या. आतल्या स्प्रिंगा कडक बशिवायच्या. तेल तापू नाई मनून म्होरं जाळीपाशी तेल गार करायचं एक यगळं रेडीटर लावायचं. इंजिन एका गाडीचं अन बाक्स दुसऱ्याच गाडीचा, तर दोन्हीच्या मधी लेथवर जाड कडं करून घ्यायचं. रहीमभाई सांगायलेले अन आत्या मान हलवायलेल्या, सोयरीक जुळवल्यावानी.

गेराच्या दांडीवर एक बटन व्हतं. आत्या म्हनल्या, "तू शिकलेली हायस, वाच." मी अक्षर अक्षर वाचलं, "ओ... डी... ऑफ."

"ओढ ऑफ," आत्या म्हनल्या. "ओढ बंद करायचं बटन."

रहीमभाई हसून हसून खाली बसले. मंग त्यांनी सांगितलं, घाट आला की हे दाबायचं, तो इसाव्याचा गेर बंद हुतो, गाडी खालच्या गेरावर येती अन जास्ती ओढती. आत्या इचारात पडल्या. म्हनल्या, "ओढ बंद केली की जास्ती ओढतंय. आसंल बाबा. मानसाचं बी तसंच हाय."

खरा वाद झाला तो म्होरंच. रहीमभाईंनी इचारलं, गेर मऊ पाडू का कडक? मऊ पाडला तर गेर कवा बदलला कळत बी न्हाई, पोटातलं पानी हालत न्हाई. पन पलेटी घसरत घसरत धरत्यात, लवकर झिजत्यात. कडक पाडला तर एकदम धरत्यात, लई वर्सं टिकत्यात, पन दर गेराला हिसका बसतो.

"हिसका पायजे," आत्या म्हनल्या.

"मावशी, तुमारा चलना कित्ता? मैं बीच का रखता. टिकेगा भी, झटका भी नै."

"मधलं नको. पुरता हिसका पायजे."

"कमर टूटती, मावशी!"

"कंबर माझी हाय का तुमची?"

रहीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर हे म्हनले, "हिसका कावून पायजे? लोक पैसे दिऊन हिसका काढून घेत्यात!" आत्या पलेटीच्या बरनीवर फडकं बांधायलेल्या, त्यांनी गाठ आजून आवळली.

पाऊसकाळ सरला, बाक्स बसला, अन घाटाचा दिवस आला. सासू, सासरे अन आमचे हे मागं. पुढं आत्या, अन त्यांच्या शेजारी मी, आरू मांडीवर. मी दाराला इतकी चिटकले की दाराची मूठ माझ्या बरगडीत रुतली. आत्यांनी दांडी खाली घेतली, गाडीनं ढुसनी दिली. सासूबाई म्हनल्या, "आगं बाई!" आत्यांचा डावा पाय नुसता बाजूला पडलेला, त्याला काय कामच न्हाई.

घाट उतरून पाली गावाकडं गेलो अन तिथून तोंड फिरवलं. आता चढ. आत्यांनी बटन दाबलं, "ओढ बंद," अन गाडीनं हिसका दिऊन खालचा गेर धरला. मी डोळे मिटले. मला वाटलं आरू भोकाड पसरनार, तर पोरगी हसली. दर हिसक्याला खदाखदा हसायली, तिला वाटलं कुनी झोका द्यायलंय.

अर्ध्या घाटात म्होरं कापसाचा ट्रक. रांगत रांगत चाललेला, अन वळनावर थांबलाच. आत्यांना बी थांबावं लागलं, भर चढाला. मागं टेम्पोवाला हारन वाजवायलेला.

"आता बसती बग," मागून हे म्हनले, पन त्यांचा बी आवाज बारीक झालता.

ट्रक हालला. आत्यांनी बिरेक सोडला. गाडी एक ईतभर मागं आली, अन मंग त्या पलेटींनी धरलं. असं धरलं की गाडी हिसक्यासरशी म्होरं उसळली, अन वरपस्तोर थांबली न्हाई.

वर हॉटेलापाशी गाडी बाजूला घेतली. आत्यांनी ह्यांना बॉनट उघडायला लावलं, तेलाची पट्टी काढायला लावली अन बसल्या जागी हुंगली. लालभडक. ह्यांनी कान धरले. "जिंकलीस आत्या. गाडी तुझी, आंगन तुझं. पन एक आयक, हे हिसके तेवढे काढून घिऊ. रहीमभाई म्हनलाय, दोन दिवसात मऊ करून देतो."

"त्याला हात लावायचा न्हाई!" आत्या इतक्या जोरात म्हनल्या की हे सासूसासऱ्याला घिऊन चहा सांगायला गेले.

गाडीत आमी दोघीच, अन आरू. आत्या काचंतून समोर बघायलेल्या.

"माझं नवं लगीन झालतं," त्या म्हनल्या, "तवा घरात ही एवढी मानसं. दिवसभर ह्यांचं तोंड दिसायचं न्हाई. बोलनं तर लांबच. पन कुठं लग्नाला, जत्रंला जायचं आसलं तर गाडीत पुढं बसायला मिळायचं. दाराकडं ननंद, मधी मी, सासू मागं. डोक्यावर पदर, खाली मान. अन ह्यांचा गेर लई हिसक्याचा. दर गेराला माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागायचा. सासू मागून वरडायची, आरं नीट चालीव की! अन हे म्हनायचे, आई, गेरच तसाय."

मी आरूचं तोंड पदरानं पुसलं.

"मी बी म्हनायचे, काय गाडी हाय मेली, गेर बदलून आना. सारा जलम नावं ठिवली त्या गेराला. मंग ते गेले. दिरानं मला गाडी शिकिवली. पैल्यांदा मी गेर टाकला." आत्यांनी दांडीवरचा हात उचलला अन परत ठिवला. "लोन्यावानी पडला ग, हिसकाच न्हाई. सगळेच गेर. लोन्यावानी."

तेवढ्यात मागची मानसं चहा पिऊन आली. आमच्या दोघीचा चहा ह्यांनी खिडकीतून दिला, तो आमी घटाघट पिलो. दारं लागली. मी आरूला उचलून दाराकडं बशिवलं, एका हातानं धरलं, अन मी मधी सरकले.

आत्यांनी दांडी खाली घेतली. गाडीनं हिसका दिला, माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. गाडी सपाटीला लागली, दुसरा गेर पडला, परत लागला.

"आरं द्येवा," मागून हे म्हनले, "पुरं नेकनूरपस्तोर आसंच जायचं का?"

आत्या काय तरी बोलनार, त्याच्या आदी मीच म्हनले, मागं न बघता,

"अवो, गेरच तसाय."