केळ्यांचा निरोप

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी संध्याकाळी पिकलेल्या केळ्यांचा घड बायकोच्या फुलांच्या दुकानामागच्या खोलीत ठेवला आणि दार गच्च लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी 'पेशी एकमेकींशी कशा बोलतात' हा धडा घ्यायचा होता. केळी उंदरांच्या तोंडी पडू नयेत, एवढाच साधा हेतू.

सकाळी हाक आली. "अहो! इकडे या आधी!"

त्याच खोलीत बादलीत ठेवलेल्या कार्नेशनच्या फुलांनी पाकळ्या मिटून माना टाकल्या होत्या. नव्या दुकानाची ती पहिलीच मोठी ऑर्डर. एका आजोबांना आपल्या बायकोला बरं करणाऱ्या नर्सला गुच्छ द्यायचा होता, आणि ते आता येतच असतील.

"पाणीसुद्धा बदललं होतं हो मी," बायको रडकुंडीला आली.

सरांची नजर घडावर गेली. दरवर्षी घसा कोरडा करून ते हेच तर सांगत. पिकलेल्या फळातून वायू सुटतो आणि शेजारच्या पेशींना निरोप देतो, चला, वेळ झाली!

"केळ्यांनी सांगितलं त्यांना," ते पुटपुटले.

"काय सांगितलं?"

"आवरायला."

बायकोने असं काही पाहिलं की सरांना स्वतःचंच आवरायला घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात आजोबा हजर. सर पुढे झाले. "चूक माझी, हिची नाही. तुमची फुलं..."

आजोबांचं लक्षच नव्हतं. ते आतल्या खोलीकडे बघत होते. परवापासून घट्ट मिटून बसलेल्या गुलाबाच्या कळ्या तिथे पूर्ण उमलल्या होत्या. निरोप त्यांनाही पोहोचला होता, पण त्यांची वेळ होती फुलायची.

"हेच द्या! काल नुसत्या कळ्या होत्या, म्हणून ती दुसरी सांगितली. नर्स आमच्या हिला रोज म्हणायची, बऱ्या झालात की तुमच्या बागेतला गुलाब दाखवा मला. आमच्या झाडाला यंदा फूलच नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो मी?" आजोबांचे डोळे भरून आले. "भलं होवो पोरी तुझं."

सर मिटलेली कार्नेशनं घेऊन शाळेत गेले. वर्गाने पहिल्यांदाच जांभई न देता धडा ऐकला. त्यांनी मनातल्या मनात आधी बायकोचे आणि मग केळ्यांचे आभार मानले.

संध्याकाळी बायको म्हणाली, "तो धडा मला एकदा नीट सांगा बरं."

इतक्या वर्षांत घरात कुणी असं आपणहून विचारलं नव्हतं. सरांना भरून आलं. ते खुर्ची ओढून बसले.

"आणि उद्या केळी आणा."

"दुकानात ठेवायला?"

"खायला. दुकानात कुणी कुणाला काय सांगायचं, ते यापुढे मी ठरवीन."