व्हर्लीनबाईंची अबोल विनंती

दर गुरुवारी चार वाजता ग्रंथालयाच्या तळघरात गोऱ्या-काळ्यांतल्या वांशिक समेटाचा वाचनगट भरायचा आणि साडेतीनपासूनच व्हर्लीनबाईंचं डोकं दुखायला लागायचं. बाई आमच्या ख्रिस्ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. गटात दहा माणसं. नऊ गोरी आणि एक व्हर्लीनबाई. सहा वर्षांत अकरा पुस्तकं झाली, पण पद्धत एकच. प्रकरण संपायचं, सगळे आपापल्या कॉफीत बघायचे, मग नऊ माना एकदम वळायच्या आणि पास्टर हुक्स्ट्रा हळुवारपणे विचारायचे, "व्हर्लीन, तुम्हाला काय वाटतं?"

बाईंना वाटायचं, घरी जावं. पण त्या उठून गेल्या तर उरलेले नऊजण समेट करणार कोणाशी? गट बाईंनी मोडला, असं बोललं जाणार. शिवाय कॉलेजच्या माहितीपत्रकावर त्यांचाच हसरा फोटो होता.

तरी एका गुरुवारी हे सांगून टाकायचंच, असं ठरवून बाई आल्या. वाचनाआधी प्रार्थनेच्या विनंत्या होतात. कुणाची आई पडली होती, कुणाच्या कुत्र्याचं ऑपरेशन होतं. बाईंचा नंबर लागला. तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्यांनी ऐनवेळी गिळलं आणि म्हणाल्या, "माझी अबोल विनंती आहे."

अबोल विनंती म्हणजे देवाला ठाऊक आहे, तुम्ही विचारायचं नाही. आमच्याकडे हा नियम फार कडक. तर्क करायला मात्र कुणाची बंदी नाही. त्यात बाईंनी त्या दिवशी डोक्याला रुमाल बांधलेला. प्रवेश कार्यालयातली ट्रूडी व्हँडर प्लोग त्या रुमालाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

शुक्रवारी बाईंच्या दारात चीज-बटाट्याचं कॅसरोल येऊन पडलं; कुणी आजारी असलं की आमच्याकडे असं भाजलेल्या जेवणाचं भांडं पोचवतात. शनिवारी आणखी तीन. सोमवारी डीननी त्यांच्या दोन समित्या काढून घेतल्या. सहा वर्षांत बाईंच्या डोक्यावरचं एकही काम कमी झालं नव्हतं, तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही. ट्रूडीला तेवढं विचारलं, "अगं, हे सगळं कशाबद्दल?"

"आम्ही काही विचारत नाही हं," ट्रूडीने त्यांचा हात दाबला. "तूही सांगू नकोस. फक्त खा."

बुधवारी चॅपेलमधल्या प्रार्थनेत कॉलेजचे अध्यक्ष म्हणाले, "आपल्यातलं एक माणूस धैर्याने झुंजतंय." आठशे मुलं उभी राहिली. बाईंनीही मान खाली घालून त्या बिचाऱ्यासाठी मनापासून प्रार्थना केली.

गुरुवारी त्या तळघरात उतरल्या आणि पायरीवरच थबकल्या. नऊच्या नऊ डोक्यांना रुमाल! पास्टरांनी बायकोचा पिवळा फुलाफुलांचा बांधला होता. ट्रूडी उठली आणि तिने आपला रुमाल सोडला. खाली चकचकीत तुळतुळीत डोकं.

"ट्रूडी! काय करून बसलीस हे?"

"तू एकटीने का सोसायचं? तुझे औषधांनी गेले, माझे मी काढले."

बाईंनी डोक्यावरचा रुमाल ओढला. भरगच्च केस चहूबाजूंनी उसळून वर आले.

"वेण्या सोडल्यात मी! माझ्या केसवालीचा हात मुरगळलाय, म्हणून पुढच्या वेण्या या शनिवारवर गेल्यात. आमच्या केसांवर आणि रुमालावर तर चौथ्या पुस्तकात अख्खं प्रकरण होतं ना?"

"ते मी... नुसतं चाळलं होतं," पास्टर म्हणाले.

इतर सातजण कॉफीत बघू लागले. बाई खुर्चीत बसल्या. आता त्यांच्यात राग करायचंही त्राण नव्हतं.

"विनंती बोलूनच टाकते. मी आजारी नाही, दमलेय. तुमच्या वतीने वाचून दमलेय, तुम्हाला समजावून दमलेय. मला माझा गुरुवार परत हवाय."

मग पास्टरांनी सुस्कारा सोडला. "देवाची कृपा! अहो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही येत होतो."

दोन मिनिटांत गट बरखास्त झाला. सहा वर्षांतला पहिला एकमताचा ठराव. माणसं चोरासारखी पटापट निघून गेली. बाईंनी पिशवी उचलली. किती हलकं वाटत होतं!

मागे ट्रूडी उरली होती, डोक्यावरून हात फिरवत. "व्हर्लीन, एक विचारू? तुझी केसवाली असते कुठे?"

"डे मॉइन शहरात. गाडीने दीड तास."

"अगं, गावात तीन दुकानं आहेत की!"

"त्यांना माझे केस जमत नाहीत."

"म्हणजे दर वेळी तीन तास? एकटीच जातेस?"

"अकरा वर्षं झाली."

ट्रूडीचा डोक्यावरून फिरणारा हात थांबला. बाईंना आठवलं, गटात त्यांना गुलामगिरीबद्दल विचारलं होतं, निवडणुकांबद्दल विचारलं होतं. शनिवारी कुठे जातेस, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग त्या तुळतुळीत डोक्याकडे. नुकत्याच सुटल्या होत्या आणि पुन्हा अडकणार होत्या; स्वतःचाच राग आला.

"परवा सातला निघतेय," त्या म्हणाल्या. "यायचं तर ये. पण गाडीत एकही पुस्तक आणायचं नाही."